मोटो गुझी नॉर्ज १२०० घ्यावी का? ज्यांनी चालवली आहे त्यांनी सांगा

मुळशीचा_पाऊस (म्युनिक)

नमस्कार मंडळी,

मी मूळचा पुण्याचा, गेली सहा वर्षं म्युनिकला नोकरीला आहे. इथे लायसन्स काढून तीन वर्षं एक ६५० सीसीची जपानी गाडी चालवली. गाडी चांगली होती, पण बायको मागे आणि सामान असं दोन्ही घेऊन निघालो की संध्याकाळी दोघांचीही पाठ बोलायला लागायची. पुढच्या जूनमध्ये आम्हाला दोघांना नॉर्डकॅपला, म्हणजे नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, जायचं आहे. इथून एका बाजूचं अंतरच साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पडतं.

ऑग्सबर्गजवळ एका निवृत्त गृहस्थांकडे मोटो गुझी या इटालियन कंपनीची मोटरसायकल आहे, नॉर्ज जीटी ८व्ही. २०१२ ची, रनिंग ४१,०००, लाल रंग, दोन्ही बाजूंच्या डिक्या सोबत. ५,४०० युरो सांगतायत. फोटोत बघूनच मन गेलंय, खोटं कशाला सांगू. पण ऑफिसातले दोघं-तिघं म्हणतात की इटालियन गाडी म्हणजे अर्धा वेळ गॅरेजात.

माझी उंची पाच फूट सहा इंच. गाडीचं वजन झेपेल का? पार्ट मिळतात का? ॲव्हरेज किती? आणि मुख्य म्हणजे एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, हिच्यावर भरवसा ठेवून बायकोला मागे बसवू का? ज्यांनी खरोखर वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

उद्यमनगर (बेर्गामो, इटली)

भावा, मी तुझ्यापेक्षा वयानं मोठा असणार, म्हणून एकेरीत लिहितो. राग मानू नकोस.

माझ्याकडे २००८ ची नॉर्ज आहे, दोन व्हॉल्व्हवाली. २०१३ ला २७,००० रनिंगवर घेतली, आज १,०८,००० झालेत. म्हणजे ऐंशी हजारांवर किलोमीटर माझ्या स्वतःच्या हातचे आहेत. त्यामुळे ऐकीव काही सांगणार नाही. जे तुझ्या मॉडेलबद्दल आहे आणि माझ्या गाडीला लागू नाही, ते तसं स्पष्ट लिहितो.

आधी तुझ्या गाडीचा विषय, कारण तिथे एक गोष्ट बघितल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत. नॉर्ज २००६ पासून रस्त्यावर आली ती प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह घेऊन. ११५१ सीसी, ९५ हॉर्सपॉवर. २०११ पासून जीटी ८व्ही आली, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, १०२ हॉर्सपॉवर. या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात सुरुवातीला कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) सपाट टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोहोचवणारे तुकडे) घासायचे. त्यांच्यावरचा कडक थर झिजला की खालचा धातू उघडा पडतो, मग टॅपेट कॅमला खातो आणि कॅम टॅपेटला. तो चुरा तेलात मिसळून सगळ्या इंजिनभर फिरतो. हे सगळ्या गुझीवाल्यांना माहीत असलेलं प्रकरण आहे. पुढे कंपनीनंच सपाट टॅपेटच्या जागी रोलरवाले टॅपेट आणले आणि आधीच्या इंजिनांसाठी बदलायचे किटही काढले. किट ए, बी, सी असे प्रकार आहेत, इंजिन नंबरवरून कुठलं बसतं ते ठरतं. २०१२ ची गाडी नेमकी सीमारेषेवर आहे. म्हणून त्या काकांना एकच विचार: रोलर आहेत का, आणि बसवल्याचा कागद दाखवा. कागद असेल तर निर्धास्त घे. कागद नसेल तर इंजिन नंबर घेऊन गुझीच्या डीलरकडून खात्री कर. दोन्ही नसेल तर रोलरचा सगळा खर्च किमतीतून वजा करून बोल, नाहीतर नमस्कार करून परत ये. लाल रंगाला भुलू नकोस. रंग माझाही लालच आहे, मला कळतं.

आता इंजिनाची ठेवण. ही गाडी का घ्यावी ते यातच आहे.

माझे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर होते. शाळा सुटली की मी तिथेच. ऑइल इंजिनांच्या पार्टचं काम असायचं. लोखंडाच्या चुऱ्याचा आणि कुलंटचा तो वास अजून नाकात आहे. वडील म्हणायचे, मशीन चांगलं कुठलं, तर ज्याच्या आत हात जातो ते. इथे इटलीत नोकरीला आल्यावर पहिल्यांदा गुझी उभी बघितली आणि वडीलच आठवले. दोन्ही सिलिंडर टाकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले, नव्वद अंशात, समोर उघडे. ना रेडिएटर, ना पाण्याचे पाइप. हेडचं झाकण काढायला फेअरिंगशी फारसं झगडावं लागत नाही. क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला, त्याच रेषेत मागे क्लच, गिअरबॉक्स, आणि तिथून शाफ्टनं चाकापर्यंत. चेन नाही, स्प्रॉकेट नाही, दर पाचशे किलोमीटरला स्प्रे मारत बसणं नाही.

क्रँक लांबीत असल्यामुळे उभ्या गाडीला ॲक्सिलरेटर दिला की ती उजवीकडे किंचित झुकते. बघायला जाशील तेव्हा हे होईल, घाबरू नकोस. चालायला लागली की जाणवतही नाही.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट, मी स्वतः सेट करतो, दर दहा हजाराला. कसं ते लिहितो, म्हणजे तुझ्या लक्षात येईल की याला गॅरेजच लागतं असं नाही. गाडी रात्रभर थंड होऊ द्यायची. सकाळी डबल स्टँडवर घ्यायची, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहतं. प्लग काढायचे. पाचवा गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं. प्लगच्या भोकात सरबताची स्ट्रॉ सोडायची. स्ट्रॉ वर येत येत एका जागी थांबते, तिथे पिस्टन वर आला. पण हे दोनदा होतं. ज्या वेळी दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) बोटांनी हलतात ते खरं. मग फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचं, पातं रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवायचं. पातं अलगद निसटता कामा नये आणि अडकताही कामा नये. ओल्या कागदावरून बोट ओढल्यासारखं, जरासं धरून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे. मग स्क्रू धरून लॉकनट आवळायचा. इथेच नवीन माणूस चुकतो. नट आवळताना स्क्रू केसभर फिरतो आणि माप बदलतं. म्हणून आवळल्यावर परत पातं घालून बघायचं, परत म्हणजे परत. वडिलांनी हे मला ऑइल इंजिनावर शिकवलं होतं आणि माझ्या पाठीत एक धपाटाही घातला होता, त्यामुळे विसरलेलो नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची असल्यापासून या कामाला बॅटरी धरते. आता तेरा वर्षांची आहे. तिनं एक वही केली आहे. डावा इनटेक, डावा एक्झॉस्ट, उजवा इनटेक, उजवा एक्झॉस्ट, तारीख, रनिंग. मागच्या खेपेला मी अजून पातं पुसत होतो तोवर तिनं सांगितलं, बाबा, उजवा एक्झॉस्ट दर वेळी थोडा आवळतो, आधी तो बघ. आणि तसंच निघालं. तुझ्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात कॅम वर हेडमध्ये आहे आणि मोजायला व्हॉल्व्ह दुप्पट, पण पद्धत हीच, स्क्रू आणि नटच.

वजनाचं सांगतो. पेट्रोल भरून, डिक्या लावून, ही गाडी तीनशे किलोच्या घरात जाते. टाकी २३ लिटरची आहे आणि ती वर आहे, हे ध्यानात ठेव. सीट ८०० मिलिमीटरच्या आसपास, मी पाच फूट सात, माझे दोन्ही पाय नीट टेकतात. चालू गाडीत वजन कुठे जातं कळत नाही. त्रास होतो तो उभ्या गाडीला, उतारावर, खडीवर.

२०१५ ला मी बायकोला घेऊन स्प्लुगेनच्या घाटातून येत होतो. २११३ मीटरवर माथा, तिथून इटलीच्या बाजूला माँतेस्प्लुगाचं तळं लागतं, आणि पुढे पियानात्सोच्या वळणांवर रस्ता डोंगराच्या भिंतीला शिवल्यासारखा खाली उतरतो. एका वळणावर समोरून बस आली. मी थांबलो, चूक नाही. पण थांबताना पुढचा ब्रेक हँडल वळलेलं असताना दाबला आणि उजवा पाय टेकवला तो खडीवर. पाय सरकला. तीनशे किलो एकदा कलले की माणसाच्या हातात काही राहत नाही. बायको वेळेत उतरली, गाडी उजव्या हेडवर आणि डिकीवर टेकली. हेडचं झाकण खरवडलं, डिकीला ओरखडा, बाकी काही नाही. बसचा ड्रायव्हर उतरला, दोघांनी मिळून उचलली. तेव्हापासून दोन नियम पाळतो. थांबायचं तर हँडल सरळ असताना आणि मागच्या ब्रेकवर. आणि थांबायच्या आधी पाय कुठे पडणार ती जागा बघून ठेवायची. तूही घेतल्यावर पहिला महिना रिकाम्या पार्किंगमध्ये नुसता हळू वळवायचा सराव कर, बायकोला मागे न घेता.

दुसरी चूक दुसऱ्याच्या हातची. एका गॅरेजला, नाव नको, सर्व्हिसला दिली होती तेव्हा त्यांनी तेल जास्त भरलं. या इंजिनात तेल जास्त झालं की ते श्वासनळीतून एअरबॉक्समध्ये जातं. मला वाटलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या. दोन रात्री झोप नाही. शेवटी एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत तेलाचं तळं. म्हणून डिपस्टिक कशी वाचायची, ते तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधून नीट वाचून घे आणि सर्व्हिसहून आणल्यावर स्वतः बघ. वरच्या खुणेला चिकटवून भरू नकोस, दोन खुणांच्या मधे राहू दे.

बघायला जाशील तेव्हा काय बघायचं:

त्या काकांना आधीच सांग की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन स्वतः सुरू कर. थोडी टॅपेटची टकटक हिचा स्वभाव आहे, पण एका बाजूनं येणारा, गरम झाल्यावरही न जाणारा ठणठणाट वेगळा. मागच्या ड्राइव्हचं तेल ते तुझ्यासमोर काढायला तयार असतील तर फार उत्तम. ड्रेन प्लगला चुंबक असतं. त्यावर करडी मऊ पेस्ट असली तर चालेल, चमकणारे कण नकोत. मागचं चाक वर घेऊन डावी-उजवीकडे हलवून बघ, खेळ नको. स्विंगआर्मच्या बेअरिंगना आणि खालच्या लिंकेजला शेवटचं ग्रीस कधी दिलं ते विचार. फार लोक ते कधीच देत नाहीत.

आणि अल्टरनेटरचा बेल्ट. अल्टरनेटर दोन सिलिंडरांच्या मधे वर बसलाय आणि पुढून बेल्टवर चालतो. पन्नास हजाराला बदलायचा असतो. तुझी ४१,००० ला आहे, पण बेल्ट २०१२ चाच असेल तर नॉर्वेला जाण्याआधी बदलच. रबराला किलोमीटरइतकंच वयही लागतं.

ॲव्हरेज मला डोंगरात १८, शांत रस्त्याला २० पडतं. ऑटोबानवर दीडशेनं पळवलीस तर १६ च्या खाली जाईल. पार्टचं म्हणशील तर फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड, क्लचची प्लेट सगळं मिळतं. फेअरिंगचे प्लास्टिकचे भाग मात्र जपून वापर. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, ते शोधावे लागतात.

आता नॉर्डकॅप. ही गाडी कुणाच्या नावानं आहे माहीत आहे ना? १९२८ मध्ये कंपनीचा संस्थापक कार्लो गुझीचा भाऊ ज्युझेप्पे आपली ५०० सीसीची जीटी घेऊन गुझीच्या गावाहून, मांडेल्लोहून, नॉर्वेच्या उत्तरेकडे निघाला. त्या काळात मोटरसायकलच्या मागच्या चाकाला स्प्रिंग म्हणजे लोकांना धोकादायक वाटायची, फ्रेम ताठच हवी असं मत होतं. या भावांनी मागे झोल घेणारी फ्रेम बनवली होती, आणि ती टिकते हे कागदावर नाही तर रस्त्यावर दाखवायचं होतं. त्या वेळचे रस्ते डोळ्यांसमोर आण. जाऊन सुखरूप परत आला. त्या गाडीचं नाव नॉर्ज, म्हणजे नॉर्वेच, पडलं. दोनच वर्षांपूर्वी अमुंडसेन आणि नोबिले उत्तर ध्रुवावरून जे वायूनं तरंगणारं हवाई जहाज घेऊन गेले, त्याचंही नाव नॉर्जच. तेव्हा हिला घेऊन नॉर्वेला जाऊ का, असं विचारतोस तर दुसरं काय सांगू.

मी स्वतः २०१७ च्या जुलैमध्ये गेलो, बायको मागे. बाराव्या दिवशी पोहोचलो. गाडीला वाटेत फक्त अर्धा लिटर तेल लागलं. शेवटी मागेरोया बेटावर जाताना समुद्राखालचा बोगदा लागतो, जवळजवळ सात किलोमीटरचा, समुद्रसपाटीच्या २१२ मीटर खाली जातो. आत उतरताना गारठा हाडात शिरतो आणि हेल्मेटची काच धुक्यानं भरते. तिथे मला या दोन सिलिंडरांचं खरं मोल कळलं. गुडघे त्यांच्या मागे असतात, गरम हवा पायांवर येते. जुलैत मिलानच्या सिग्नलला तीच हवा नकोशी होते, तिथे मात्र देवासारखी वाटली. बायकोनं माझ्या मागून दोन्ही हात काढून माझ्या गुडघ्यांजवळ धरले होते. पुढचा काचेचा पडदा बटणानं वर-खाली होतो. बोगद्यात खाली घे, म्हणजे हेल्मेटमध्ये हवा खेळते. रस्त्यावर रेनडिअर येतात, एक दिसला की मागे चार असतात असं समज आणि वेग उतरव.

रात्री बाराला टोकावर पोहोचलो. ऊन होतं. मी पहिल्यांदा वडिलांना फोन लावला. कोल्हापुरात पहाटेचे साडेतीन वाजले होते. त्यांनी विचारलं, तेल बघितलंस का?

---

ताम्हिणी_घाट (पुणे)

उद्यमनगर दादा, फार मनापासून लिहिलंत, वाचून छान वाटलं. तरी मुळशीकरांसाठी दुसरी बाजू मांडतो, कारण पैसे त्यांचे जाणार आहेत.

माझ्याकडे २०२२ पासून डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही४ एस आहे, इथे पुण्यात. गोव्याला आंबोलीमार्गे वर्षातून चार-पाच वेळा जातो, एकदा स्पितीला जाऊन आलो. ११५८ सीसी, १७० हॉर्सपॉवर. पण मुद्दा ताकदीचा नाही. हिचे व्हॉल्व्ह तपासायची वेळ ६०,००० किलोमीटरला येते. डुकाटीनं या इंजिनात त्यांची जुनी डेस्मो पद्धत (व्हॉल्व्ह स्प्रिंगशिवाय बंद करायची) सोडून साध्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह घातले, ते यासाठीच. तेल १५,००० ला. उभ्या गाडीत मागचे दोन सिलिंडर बंद होतात, त्यामुळे सिग्नलला मांड्या भाजत नाहीत, आणि पुण्यात हे फार मोठं आहे. ज्या माणसाला हातात पाना धरायची आवड नाही, किंवा नोकरीमुळे रविवारही मिळत नाही, त्यानं नवीन इटालियन गाडीकडे बघावं असं मला वाटतं. फरक एकच, चेन आहे. नॉर्वेच्या पावसात ती रोज संध्याकाळी पुसून तेल द्यावं लागेल.

बजेट वेगळं आहे हे मान्य. पण "इटालियन म्हणजे गॅरेजात" हे ऐकून कुणी मागे हटू नये म्हणून लिहिलं. माझी ३४,००० झाली, रस्त्यात एकदाही थांबली नाही.

---

वैनगंगा (झुरिक)

मुळशीकर, सगळे पुढे बसणारे बोलतात, मी मागे बसणारीच्या बाजूनं लिहिते. माझा नवरा २००७ ची नॉर्ज चालवतो. मी सात उन्हाळे मागे बसले आहे, दोनदा तर सलग दोन आठवडे.

मागची सीट रुंद आहे, पायांची जागा योग्य, गुडघे वर येत नाहीत. धरायला दोन्ही बाजूंना पक्की कडी आहेत. पण मागे टेकायला पाठ लागते, म्हणून वरची तिसरी डिकी नक्की लावा आणि तिला पाठीची गादी असलेली बघून घ्या. मला त्यानं जो फरक पडला तो शब्दांत सांगता येणार नाही. तिथे जड सामान मात्र भरू नका, वळणावर गाडी डोलते. जड ते खालच्या डिक्यांत, वर फक्त रेनसूट आणि खायचं.

हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र घ्या. मी पहिली दोन वर्षं नवऱ्याच्या खांद्यावर थापा मारून सांगायचे, एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. घाटात त्याचा घोटाळा होतो. आणि दर सव्वा तासाला थांबायचं, तुम्ही दमला नसाल तरी. पुढच्याला हँडल असतं, काम असतं. मागच्याला फक्त बसायचं असतं, आणि ते जास्त दमवतं.

शेवटचं, गाडी बघायला बायकोला सोबत न्या. तिला मागे बसवून अर्धा तास फिरवा. तिला जमत नसेल तर इंजिन कितीही चांगलं असो, नॉर्डकॅप होणार नाही.

---

उद्यमनगर (बेर्गामो, इटली)

वैनगंगाताई, पाठीच्या गादीचं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. आमच्याकडेही ती आहे आणि माझी बायको तुमच्याशी शंभर टक्के सहमत होईल.

ताम्हिणीवाले, तुमचं बरोबर आहे, मी वाद घालणार नाही. साठ हजाराला व्हॉल्व्ह बघायचे म्हणजे काही लोकांना आयुष्यभर बघावेच लागणार नाहीत. मला मात्र त्या दहा हजाराच्या सकाळी सोडवणार नाहीत. गुझीनंही २०२१ मध्ये नवी व्ही१०० मांडेल्लो दाखवली तेव्हा पाण्यानं थंड होणारं १०४२ सीसीचं इंजिन आणलं. काळ बदलतो. शाफ्ट आणि दोन्ही बाजूंना आलेले सिलिंडर मात्र त्यांनी ठेवले.

एक गोष्ट महाराष्ट्रातल्या लोकांसाठी. गुझी २००४ पासून पियाजिओकडे आहे, आणि पियाजिओ म्हणजे आपली बारामती, त्यांचा कारखाना तिथेच. मी कागलजवळच्या आजोळी ज्या ॲपे रिक्षात दाटीवाटीनं बसून जायचो ती त्यांचीच. इथे आल्यावर कळलं की "आपे" म्हणजे मधमाशी आणि "वेस्पा" म्हणजे गांधीलमाशी. माझ्या इथल्या शेजाऱ्यांना ॲपेमध्ये बारा माणसं बसतात हे फोटो दाखवल्याशिवाय पटलं नव्हतं.

मुळशीकर, बघून आलास की लिही.

---

मुळशीचा_पाऊस (म्युनिक)

दादा, ताई, सगळ्यांचे आभार. शनिवारी दोघं जाऊन आलो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे इंजिन थंड ठेवलं होतं. मी हात लावून बघितलं, हेड गार. सुरू केली, थोडी टकटक, गरम झाल्यावर कमी. ॲक्सिलरेटर दिल्यावर उजवीकडे झुकली तेव्हा बायको दचकली आणि मी मोठ्या जाणत्यासारखं सांगितलं की क्रँक लांबीत आहे.

रोलरचा कागद आहे! २०१४ मध्ये १८,००० वर बसवलेत, डीलरचा शिक्का, पार्ट नंबर, सगळं. काकांनी एक फाइलच केली आहे, प्रत्येक बिल, अगदी बल्बचंसुद्धा. मागच्या ड्राइव्हचं तेल त्यांनी माझ्यासमोर काढलं. चुंबकावर पेस्ट होती, कण नव्हते. मी फोटो काढलाय. स्विंगआर्मला ग्रीस दोन वर्षांपूर्वी. बेल्ट मात्र कंपनीतून आला तोच आहे, त्यांनी स्वतःच सांगितलं.

वैनगंगाताई, बायकोला मागे घेऊन चाळीस मिनिटं फिरलो. उतरल्यावर तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं असेल तर, "वरची डिकी कुठे मिळते?" म्हणजे झालं.

काका ७१ वर्षांचे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून विकतायत. ५,००० ला ठरलं. किल्ली द्यायच्या आधी ते थोडा वेळ टाकीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी घाई केली नाही. मग म्हणाले, नॉर्डकॅपहून मला एक पोस्टकार्ड टाक, मला तिथवर जायला जमलं नाही.

पुढच्या शनिवारी आणायला जातोय. नोंदणीचे कागद झाले की टॅपेटचं काम शिकायचं आहे. दादा, तुमच्याकडे आलो तर एकदा समोर दाखवाल का?

---

उद्यमनगर (बेर्गामो, इटली)

अभिनंदन, भावा! फाइल ठेवणारा माणूस गाडी वाईट ठेवत नाही. त्या काकांचा फोन नंबर जपून ठेव, गाडीबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसणार.

ये की, जरूर ये. मे महिन्यात स्प्लुगेनचा घाट उघडतो. उघडल्याची खात्री करून निघ. म्युनिकहून ब्रेगेंझ, खूर, स्प्लुगेन, खाली कियावेन्ना, मग कोमोच्या तळ्याच्या पूर्वेच्या काठानं लेक्कोच्या दिशेला. मांडेल्लोला पारोदी रस्त्यावर गुझीच्या कारखान्याचं लाल फाटक आहे, १९२१ पासून कारखाना याच गावात. तिथे आपण भेटू. मागे ग्रिन्याचा डोंगर, समोर पाणी. गाडी फाटकासमोर लावून एक फोटो काढ आणि तो आधी काकांना पाठव. तिथून माझं घर तासाभरावर. रात्री मुक्कामाला ये, म्हणजे इंजिन रात्रभर थंड होईल आणि सकाळी झाकणं काढता येतील. स्ट्रॉ आणि बॅटरी मुलगी धरेल, तू फक्त दहा नंबरचा पाना आणि चांगलं फीलर गेज घेऊन ये. स्वस्तातलं घेऊ नकोस, त्याची पाती वाकतात.

बेल्ट त्याआधीच बदल. आणि निघालेला जुना बेल्ट फेकू नकोस, तुटलेला नसेल तर गुंडाळून सीटखाली ठेव. नॉर्वेत वरच्या अंगाला दुकानं लांब लांब आहेत.